चित्रकाराची मधली वर्षे

कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत आहे. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गणित आणि भौतिकशास्त्राच्या या घरात हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भव्य भित्तिचित्र आहे आणि संस्थेच्या संग्रहात गायतोंडे, आरा, हेब्बर, तय्यब मेहता यांची चित्रे आहेत. संस्थेच्या अंदाजपत्रकातील एक टक्का रक्कम कलाकृतींवर खर्च करण्याची मुभा डॉ. होमी भाभा यांनी नेहरूंकडून मिळवली होती. त्या पैशांतून ते मुंबईतल्या चित्रकारांची कामे घेत गेले. आज ज्यांच्या एकेका कॅनव्हासला कोट्यवधी रुपये मोजले जातात, त्या मंडळींना तेव्हा गिऱ्हाईक मिळणे मुश्कील होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला, धान्य बाहेरून मागवावे लागत होते. तरीही सरकारी पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने चित्रे पाहिली, त्यांतली पसंत केली आणि त्यांचे दाम मोजले. एअर इंडियाचा संग्रहही त्याच काळातला. तिथल्या अगदी सुरुवातीच्या खरेदीत नागपूरजवळच्या बेला गावातून आलेल्या बी. प्रभा यांची चित्रे होती. तो सगळा संग्रह २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले, म्हणजे तेव्हाची ती खरेदी आज राष्ट्राची ठेव झाली आहे.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की महाराष्ट्रात चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार म्हणून जगू पाहणाऱ्या माणसाला सार्वजनिक पैसा कुठून आणि कसा मिळतो, हा प्रश्न आपण फार काळ बाजूला ठेवला आहे. राज्याच्या २०२४ च्या सांस्कृतिक धोरणात दृश्यकलेचा स्वतंत्र विचार झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण धोरण झाल्यावर पुढचा प्रश्न रुपयांचा असतो. कोणत्या वयाच्या, कोणत्या कलावंताला, कशासाठी, किती?

आज राज्याचा हात कलावंताच्या आयुष्याच्या दोन टोकांना लागतो. सुरुवातीला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत. त्यांना दरवर्षी लाखो मुले बसतात. पुढे कला महाविद्यालये आहेत. कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन आणि त्यातली पारितोषिके आहेत. दुसऱ्या टोकाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. तिची रक्कम २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाली, आणि ज्यांना ती मिळते त्यांच्या घरात त्या पैशाने औषधे येतात. या योजनेला आमचा संपूर्ण पाठिंबा आहे. पण ती मिळवण्यासाठी आधी आपले उत्पन्न किती तोकडे आहे, याचा दाखला तहसील कचेरीतून आणावा लागतो. म्हणजे माणूस आयुष्यभर चित्रे काढतो आणि राज्याशी त्याची गाठ पडते ती गरिबी सिद्ध करताना.

मधल्या पंचवीस-तीस वर्षांचे काय? खरे काम याच वर्षांत होते. पदविका हातात घेऊन मुलगा किंवा मुलगी सांगलीला, नांदेडला, चंद्रपूरला परत जाते. तिथे कोरीवकामाचा छाप काढायला प्रेस नाही, ब्राँझ ओतायला फाउंड्री नाही, मातीकाम भाजायला मोठी भट्टी नाही. शाळेत कलाशिक्षकाची जागा निघत नाही, निघाली तर तासिका तत्त्वावर. मग लग्नाचे बॅकड्रॉप, गणपतीची सजावट, शाळेच्या भिंतींवरची चित्रे अशी कामे येतात. त्यांत कमीपणा काहीच नाही. मात्र त्यांतून वर्षाकाठी स्वतःच्या चित्रासाठी सलग दोन महिनेही हाती लागत नाहीत. तिशीत पोचलेली, हात बसलेली, काहीतरी सांगायला सापडलेली माणसे याच काळात कुंचला खाली ठेवतात. आपण त्यांची मोजदादही करत नाही, कारण ती निमूटपणे निघून जातात.

नेमक्या या वयात थोडा पैसा आणि थोडी मोकळीक मिळाली तर काय होते, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. नागपूरला जन्मलेले, जे.जे.त शिकलेले वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलर निधीच्या फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती. हाती वेळ आला तो अशा चित्रकाराच्या, जो वर्षभरात मोजकीच चित्रे पुरी करी. दुसरे उदाहरण अकबर पदमसी यांचे. १९६९-७० मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली, तेव्हा तेही चाळिशीतच होते. त्यांनी त्या पैशांतून एकट्यापुरती चित्रे काढली नाहीत. मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ नावाची प्रयोगशाळा उघडली. कॅमेरे आणले, डार्करूम केली, चित्रकारांना आणि चित्रपटकारांना एकत्र बसवले. तेविशीतल्या नलिनी मालानी तिथे छायाचित्र आणि फिल्म हाताळायला शिकल्या. पुढे जगभरच्या संग्रहालयांत गेलेल्या त्यांच्या कामाची एक मुळी त्या खोलीत आहे. एका माणसाला दिलेला पैसा असा पसरत जातो. यातला एकही पैसा महाराष्ट्र सरकारचा नव्हता, ही बोच मात्र राहते.

केंद्राच्या योजना आहेत आणि त्या प्रत्येक कलावंताने माहीत करून घ्याव्यात. सांस्कृतिक मंत्रालय १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये शिष्यवृत्ती देते. २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ फेलोशिप दरमहा १०,००० रुपयांची, तर चाळिशीपुढे वरिष्ठ फेलोशिप २०,००० रुपयांची, याही दोन वर्षांच्या. दोन्ही मिळून वर्षाला ४०० जागा, आणि त्यांत संगीत, नृत्य, नाटक, लोककला, साहित्य अशा सर्व क्षेत्रांचा वाटा. अख्ख्या देशातून दृश्यकलेच्या वाट्याला किती उरणार, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. १०,००० रुपयांत आज मुंबई-पुण्यात कामापुरती एक खोली भाड्याने मिळणे अवघड. रंग, कागद, लाकूड यांचा खर्च वेगळाच. १९५४ साली स्थापन झालेल्या ललित कला अकादमीची चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वर येथे प्रादेशिक केंद्रे आहेत. तिथे मुद्राचित्रण, शिल्प, मातीकाम यांच्या सामायिक कार्यशाळा चालतात, आणि रोख अनुदानाइतकीच ही सोय मोलाची आहे. महाराष्ट्राला अशी सोय उभी करायला नव्या इमारतींचीही गरज नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. त्यांच्या कार्यशाळा सुटीत आणि संध्याकाळी, नाममात्र शुल्क घेऊन, बाहेरच्या कलावंतांना उघडून द्याव्यात. प्रेस आहे, भट्टी आहे, फक्त कुलूप काढायचे आहे.

दर्जा ठरवायचा कुणी, ही अडचण नेहमी पुढे केली जाते. पण मराठी चित्रपटांच्या बाबतीत राज्याने ती कधीच सोडवली आहे. समिती चित्रपट पाहते, गुण देते, ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये अशी अनुदानाची रीत अनेक वर्षे चालली. व्यावसायिक नाटकांनाही अनुदान मिळते. त्या समित्यांवर टीका झाली, निकष बदलले, तरी योजना टिकल्या आणि त्यांतून चांगले काम उभे राहिले. चित्र आणि शिल्प यांच्यासाठी तीच हिंमत का होऊ नये?

मिळण्याजोगे जे आहे, तेही कळत नाही, हे दुसरे दुखणे. केंद्राच्या योजनांचे अर्ज हिंदी-इंग्रजीत, जाहिरात दिल्लीच्या संकेतस्थळावर. खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांची बातमी मुंबई-पुणे-बडोद्याच्या ओळखीपाळखीत फिरते आणि जालन्याच्या शिल्पकारापर्यंत पोचेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. बंगळूरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था गेली अनेक वर्षे कोणत्याही भारतीय भाषेत लिहिलेला प्रस्ताव स्वीकारते. आपल्या भाषेत आपल्या कामाविषयी लिहिण्याची ही मुभा किती जणांना ठाऊक आहे? कला संचालनालयाने दर महिन्याला मराठीत एक सूचीपत्र काढावे. राज्याच्या, केंद्राच्या, खासगी आणि परदेशी निधींची मुदत, पात्रता, रक्कम, लागणारी कागदपत्रे त्यात असावीत, आणि ते प्रत्येक कला महाविद्यालयाच्या फलकावर लागावे. यासाठी एक जाणता माणूस आणि एक टेबल एवढेच लागते.

कलावंतांनाही आम्हाला आपुलकीने काही सांगायचे आहे. अर्ज लिहिणे हा कामाचाच भाग आहे. ‘माझी चित्रे निसर्ग आणि मानव यांचे नाते उलगडतात’ या वाक्याने कोणत्याही समितीला काही कळत नाही. कोयनेच्या धरणात गेलेल्या कोणत्या गावांविषयी काम करायचे आहे, किती छाप, कोणत्या आकाराचे, कोणत्या कागदावर, किती महिने, शेवटी ते कुठे आणि कुणाला दाखवणार, हे लिहिले की प्रस्तावात जीव येतो. कामाची छायाचित्रे दिवसाउजेडी, सरळ, चौकट कापून काढलेली असावीत. अनेक चांगले अर्ज अंधूक फोटोंपायी मागे पडतात.

आणि अंदाजपत्रक. त्यात कॅनव्हास असतो, रंग असतात, फ्रेम असते, टेम्पोभाडे असते. स्वतःच्या मेहनतान्याची ओळ बहुधा नसते. सुताराला द्यायचे पैसे चित्रकार न विसरता लिहितो, पण सहा महिने उभे राहून काम करणाऱ्या स्वतःच्या हातांचे मोल लिहायला संकोचतो. ही सवय समाजानेच लावली आहे. शाळा, महापालिका, महोत्सव, सगळे प्रात्यक्षिकाला बोलावतात आणि शाल-श्रीफळ देऊन पाठवतात. मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला पैसे मिळतात. ज्याच्यासाठी मंडप घातला, त्याला पुष्पगुच्छ. सरकारी निधीतून होणाऱ्या प्रत्येक कला-उपक्रमात कलावंताच्या मानधनाची रक्कम आधी ठरलेली आणि जाहीर केलेली असावी, असा स्पष्ट शासन निर्णय निघायला हवा. ज्या निधीच्या नियमांत कलावंताचा मेहनताना हा मान्य खर्च धरलेला नसेल, ते नियम बदलायला हवेत.

शेतकरी अडचणीत असताना, रुग्णालयांत खाटा कमी असताना चित्रांवर पैसा कशाला, असे विचारणाऱ्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर असे, की राज्य कलेवर पैसा खर्च करतेच, फक्त कसा करावा याची पद्धत बसवलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या काळजाला घर पडले. सार्वजनिक शिल्प किती काळजीने, किती वेळ देऊन, कुणाच्या देखरेखीखाली करून घ्यायला हवे, हे त्या दिवसाने दाखवले. फ्रान्सने १९५१ पासून सार्वजनिक इमारतींच्या बांधकामखर्चाचा एक टक्का कलेसाठी राखायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये तशीच तजवीज केली. आपल्याकडे जिल्हा रुग्णालये, न्यायालये, मेट्रो स्थानके, बसस्थानके बांधली जात आहेत. त्यांच्या खर्चातला एक टक्का त्याच जिल्ह्यातल्या चित्रकार-शिल्पकारांच्या कामासाठी राखला, तर रुग्णालयाची खाट कमी होत नाही; उलट खाटेवर पडलेल्या माणसाला कोऱ्या भिंतीऐवजी पाहायला काही मिळते. अवघ्या ७२ गावांच्या औंध संस्थानाच्या राजाने, स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालय उभारले. सातारा जिल्ह्यातली शाळकरी मुले आजही तिथे जाऊन मूळ चित्रे पाहतात.

सरकारी पैशामागे वशिला येतो, ही भीतीही खोटी नाही. त्यावर उपाय आहेत. निवड समितीची नावे आधी जाहीर करावीत, दर दोन वर्षांनी ती बदलावी, निम्मे सदस्य मुंबई-पुण्याबाहेरचे असावेत, आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाला चार ओळींचे कारण लेखी द्यावे. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारा प्रयोग सुरू केला, तेव्हा पात्र अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड केली. तोही एक मार्ग आहे.

आमची मागणी मोजकी आहे. पस्तिशी-चाळिशीच्या आसपासच्या ५० दृश्यकलावंतांना, दरमहा ५०,००० रुपयांची, दोन वर्षांची राज्य अभ्यासवृत्ती द्यावी. त्यात उत्पन्नाचा दाखला मागू नये. पाहायचे ते फक्त काम आणि पुढच्या कामाचा आराखडा. याचा खर्च वर्षाला तीन कोटी रुपये होतो, म्हणजे ‘अ’ दर्जाच्या सात-आठ मराठी चित्रपटांच्या अनुदानाएवढा. येत्या अर्थसंकल्पात ही तरतूद करावी, जूनमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वृत्तपत्रांत मराठीतून जाहिरात द्यावी, दिवाळीपूर्वी निकाल लावावा आणि पहिला हप्ता जानेवारीत, राज्य कला प्रदर्शनाची वाट न पाहता, थेट खात्यात जमा करावा.