पावसाला आरोपी करण्याआधी सांधा उघडून पाहा

धागा जरा लांब आहे आणि विषय वरवर रुक्ष वाटेल: विमानाच्या पंखाच्या आतले भाग एकमेकांना कसे जोडतात. पण या जोडकामाच्या इतिहासात आपल्या पावसावर ऐंशी वर्षांपूर्वी ठेवलेला एक खोटा ठपका दडलेला आहे, आणि तो आपणच आजही उत्साहाने पुढे पाठवत असतो.

ठपका असा. ‘मॉस्किटो’ हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे लाकडी विमान, डी हॅविलँड कंपनीचे. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडाले. युरोपच्या आकाशात त्याने मोठे नाव कमावले. पण हिंदुस्थानात आणल्यावर येथील उष्म्याने आणि पावसाने त्याचा सरस सुटला आणि हवेतच पंख निखळले. गोष्ट आटोपशीर आहे, ऐकायला चटपटीत आहे, आणि शेवटी दोष कोणाच्याच पदरी पडत नाही. पाऊस काही न्यायालयात येऊन आपली बाजू मांडणार नाही.

मी तुंगार्लीत वाढले. पाऊस काय करू शकतो हे मला कोणी समजावून सांगायला नको. जूनपासून आमच्याकडे दारे फुगून चौकटीत अडकतात, पुस्तकांना बुरशी येते, मीठ पाझरते. म्हणूनच इथला जाणता सुतार दार बसवताना फुगवट्यापुरती फट आधीच सोडतो. ती न सोडता पहिल्याच पावसात दार अडकले, तर आषाढाला शिव्या घालून त्याची सुटका होत नाही. गिऱ्हाईक त्यालाच बोलावते.

आता पंखाकडे. पंखाच्या आत लांबीच्या दिशेने जाणारे मुख्य कणे असतात, त्यांना स्पार म्हणतात. त्यांना आडव्या छेदणाऱ्या फासळ्या म्हणजे रिब. या सांगाड्यावर वरून आणि खालून आवरण चढते. उड्डाणात पंख वरच्या बाजूला वाकू पाहतो; तेव्हा वरचे आवरण दाबले जाते आणि खालचे ताणले जाते. आवरण, स्पार आणि फासळ्या एकमेकांना घट्ट धरून असतील तरच हे सारे मिळून एक वस्तू म्हणून भार पेलतात. पन्नास सुटे कागद हातात घेऊन वाकवून पाहा, ते एकमेकांवरून सरकतात आणि सहज वाकतात. तेच कागद खळ लावून चिकटवा आणि वाळवा, पुठ्ठा तयार होतो. कागद तेच राहिले, ताकद आली ती त्यांच्या मधल्या थरातून. मॉस्किटोच्या पंखात हा मधला थर सरसाचा होता: स्पार लाकडाचे, आवरण प्लायवुडचे, आणि त्यांची जोडणी सरस व स्क्रू यांनी केलेली.

१९४४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस पूर्व आघाडीवरील मॉस्किटो हवेत मोडू लागली. ऑक्टोबरमधील अपघातांनंतर नोव्हेंबरात या प्रदेशातील सगळी मॉस्किटो जमिनीवर थांबवण्यात आली. कंपनीकडून चौकशीसाठी आले मेजर हेरवर्ड डी हॅविलँड. आडनाव पाहा: ते कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलँड यांचे सख्खे भाऊ. डिसेंबरच्या प्रारंभी त्यांच्या पथकाचा अहवाल आला. सरस बिघडल्यामुळे हे अपघात झालेले नाहीत, ओल्या पावसाळी हंगामात लाकडी सांगाडा आकसल्यामुळे झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. गंमत पाहा, ‘सरस वितळला’ ही लोकप्रिय गोष्ट खुद्द कंपनीनेही सांगितलेली नाही! ती नंतर कोणीतरी अधिक चविष्ट करून वाढली.

पुढच्या चौकशीने मात्र बोट थेट सदोष बांधणीवर ठेवले. मग ब्रिटनच्या विमान-उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने इंग्लंडमधील डेफर्ड येथे मॉस्किटो तपासली. हॅटफील्ड आणि लीव्हस्डेन या कारखान्यांत बांधलेल्या विमानांत तसेच दोष सापडले. या विमानांनी मोसमी पाऊस कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांना वाळवीही लागलेली नव्हती. सरस लावण्याचे काम मुळातच हलक्या दर्जाचे होते.

चौकशी येथे संपायला हवी होती. पण विमानावरचा विश्वास डळमळू नये म्हणून हवाई मंत्रालयाने पहिल्याच अहवालाचा आधार धरून ठेवला: अपघातांचे कारण बहुतांशी हवामान. दुरुस्ती मात्र मुकाट्याने सांध्याची केली. पंखाच्या लांबीभर आवरणाच्या जोडावर प्लायवुडची पट्टी बसवून तो बंद करण्यात आला.

कोणी म्हणेल, पट्टी पाणी आत शिरू नये म्हणूनच बसवली ना? मग पाऊस निर्दोष कसा? प्रश्न रास्त आहे. पाणी शिरत होते, ओलीने लाकूड फुगते आणि आकसते, आणि जुना केसिनचा सरस, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला, ओलीपुढे नरम पडतो. हे कोणी नाकारत नाही. पण पाणी फटीतून शिरते आणि फट माणसाने सोडलेली होती. ज्या विमानाला जगभर पाठवायचे, त्याच्या बांधणीत पावसाचा विचार करणे हे बांधणाऱ्याचे काम. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘हवामान’ हा शब्द वसाहतकालीन अहवालात वाचला की लगेच सावध व्हावे. दुष्काळात माणसे मेली तेव्हाही साम्राज्याच्या कागदांत आभाळच वारंवार आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले दिसते.

शिवाय लाकूड आणि पाऊस यांचे वैर एवढे जुने असते, तर कार्ल्याचे काय? तुंगार्लीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या चैत्यगृहात छताला सागवानी फासळ्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांच्या. आडोशाला आहेत हे खरे, पण हवा तीच आहे आणि दमटपणाही तोच.

इथे थांबा. हे वाचून कोणाच्या तरी मनात पुढचा धागा तयार होऊ लागला असेल: ‘विमानाच्या फासळ्यांचे तंत्र दोन हजार वर्षांपूर्वी मावळात!’ कृपा करून लिहू नका. कार्ल्याच्या फासळ्या छताचा भार घेतच नाहीत. छत म्हणजे अखंड कातळ. फासळ्या काढल्या तरी तो जागचा हलणार नाही. लाकडी सभागृहांची सवय जडलेल्या कारागिरांनी दगडातही तेच रूप जपले, हीच त्यातली मोलाची गोष्ट आहे. तिला विमानाच्या दावणीला बांधण्याची गरज नाही.

आणि आता मला अप्रिय व्हायचे आहे, कारण शिवकर बापूजी तळपदे यांच्याकडे वळायचे आहे. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी विमान उडवले, हा दावा दर काही महिन्यांनी नव्या चित्रासह परत येतो. तळपदे हे जिज्ञासू, धडपडे गृहस्थ होते आणि त्यांची थट्टा करण्यात मला रस नाही. माझा प्रश्न त्यांच्या भक्तांना आहे. त्या विमानाचा पंख कशाचा होता? बांबूचा, लाकडाचा की कापडाचा? कणा आणि फासळी कशाने जोडली होती? तारेने, खिळ्याने की सरसाने? एकाही धाग्यात याचे उत्तर नाही. उंची आहे, साल आहे, उपस्थितांची भारदस्त नावे आहेत, इंजिनात पारा आहे. सांधा कुठेच नाही.

या दाव्याला ज्याचा आधार देतात ते ‘वैमानिक शास्त्र’ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची छाननी केली. त्यांचा निष्कर्ष: ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडाल्या नाहीत, असाही उल्लेख त्या निबंधात येतो. पन्नास वर्षे होऊन गेली. निबंध उपलब्ध आहे. वाचणारे थोडे, हवे ते मानणारे उदंड.

ब्रिटिश हवाई मंत्रालय आणि आपले चौपाटीभक्त यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. एकाला आपल्या कारखान्याची अब्रू राखायची होती, दुसऱ्याला आपल्या समाजाची वाढवायची आहे. दोघेही सांध्यापाशी येताच विषय बदलतात.

सांध्याचा एवढा आग्रह का, हे आजच्या कंपोझिट पंखांकडे पाहिले की उमगते. हे पंख कार्बन तंतू आणि राळ यांच्या थरांचे असतात. धातूच्या पंखाला भोके पाडून हजारो रिव्हेट ठोकता येतात. कार्बन थरांत प्रत्येक भोक तंतू तोडते आणि भोकाभोवती ताण साचतो. म्हणून शक्य तिथे चिकटवणे बरे. स्पार आणि आवरण दोन्ही कच्चे असताना साच्यात एकत्र मांडून, ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबभट्टीत एकदमच पक्के केले तर ते को-क्युअरिंग. एक भाग आधी पक्का करून दुसरा कच्चा त्यावर चिकटद्रव्याच्या पापुद्र्यासह पक्का केला तर को-बाँडिंग. दोन्ही भाग पक्के झाल्यावर चिकटवायचे ही तिसरी पद्धत, आणि तीच सर्वांत जोखमीची.

जोखीम अशी की चिकटलेला सांधा बाहेरून खरे बोलत नाही. साच्याला भाग चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश किंवा एखादा तेलकट ठसा पृष्ठावर राहिला, तर दोन भाग एकमेकांना टेकलेले असतात पण धरून नसतात. ध्वनितरंगांची तपासणी पोकळी दाखवते. दुबळी पकड तिला ओळखता येत नाही. म्हणूनच विमान प्रमाणित करणाऱ्या यंत्रणा केवळ चिकटवण्यावर भागवू देत नाहीत. सांधा सुटला तरी विमान तगेल अशी रचना करा, नाहीतर प्रत्येक नगावर भार देऊन सिद्ध करा. पकड मोजण्याची खात्रीची तपासणी असेल तर ती चालेल, पण तशी अजून कोणाच्या हाती नाही. पृष्ठ कोणी, कधी, कशाने स्वच्छ केले, खोलीतली आर्द्रता किती होती, भट्टीचा ताप किती वेळ टिकला, याची नोंद सांध्याइतकीच जपली जाते. कारखान्यातले ते दप्तर नीट नसेल तर चांगला सांधाही संशयास्पद ठरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, हा तुमचाच विषय आहे.

बोइंगसारख्या कंपनीलाही सांध्याने माफ केलेले नाही. ७८७ या कंपोझिट विमानाचे पहिले उड्डाण जून २००९ मध्ये अगदी तोंडावर आलेले असताना पुढे ढकलावे लागले, कारण चाचणीत पंख आणि धड यांच्या जोडापाशी अपेक्षेपेक्षा अधिक ताण आढळला. जोड मजबूत करून डिसेंबरात विमान उडाले. कंपनीने हे जाहीरपणे सांगितले आणि हवामानाला मध्ये आणले नाही. याच ७८७ च्या पोटातल्या जमिनीखालच्या कंपोझिट तुळया नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बनतात. किती मराठी धाग्यांत हे वाचलेत?

वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे, गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. ते खरेच उडाले. त्यात वैमानिक शिकले. प्रांटल यांचा मराठी शिष्य आपल्याला माहीत नाही आणि पाऱ्याचे इंजिन आपल्याला तोंडपाठ आहे, याची मला मनापासून लाज वाटते.

ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा, मिग-२१ साठी उभारलेला: धातूचे पत्रे आणि रिव्हेट यांचे जग. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला आणि बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकमध्ये जुळवलेले पहिले तेजस मार्क १ए आकाशात गेले. तेजसच्या पंखांचे आवरण कार्बन तंतूंचे आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने को-क्युअरिंगचे तंत्र या विमानासाठी वर्षानुवर्षे खपून उभे केले. एका तालुक्यात जोडण्याची कला हातोडीकडून भट्टीकडे सरकली. याहून मोठा तंत्र-इतिहास महाराष्ट्रात सध्या कुठे घडतो आहे ते मला दाखवा.

तो लिहायला साधने लागतील, आणि त्यांतली बरीच निवृत्त माणसांच्या डोक्यात आहेत. नाशिक, ओझर, नागपूरकडच्या वाचकांनी आपल्या घरात, गल्लीत चौकशी करावी. लष्करी गुपिते विचारू नयेत, ती कोणी सांगणारही नाही. एवढेच विचारावे: पहिला रिव्हेट ठोकायला कोणी शिकवले? रशियन सूचना मराठी कामगारापर्यंत कोणत्या भाषेत पोहोचल्या? नापास झालेल्या भागाचे पुढे काय होत असे? तपासणीच्या कागदावर सही कोणाची, आणि ती नाकारण्याचे धैर्य कोणी दाखवले होते का? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा, सांगणाऱ्याची परवानगी घ्या, आणि शक्य असेल तर ध्वनिमुद्रण करा.