उमरग्यातला मीडिया सर्व्हर

"एवढी खटपट कशाला? टीव्हीला एक स्टिक लाव, दोन ॲप टाक, झालं!" उमरग्याच्या घरी जुन्या पीसीवरून प्लेस्टेशन ३ वर व्हिडिओ दाखवायची सोय केली आहे असं ऑफिसात सांगितलं, की दहातले नऊ जण हेच म्हणतात. (दहावा विचारतो, राउटर कुठला. तो आपला माणूस! :) )

नवे सिनेमे आणि क्रिकेट यांच्यापुरतं नऊ जणांचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण त्या हिशेबात दोन गोष्टी धरून चाललेल्या असतात. एक, तुम्हाला जे बघायचंय ते कुठल्यातरी कंपनीकडे आहे. दोन, तिथपर्यंतची वाट कायम उघडी आहे. आमच्या घरी दोन्ही लागू होत नाही.

आमच्याकडे आहेत अकरा मिनी-डीव्ही आणि सहा व्हीएचएस कॅसेट. लग्नं, बारशी, अण्णांच्या निवृत्तीचा कार्यक्रम (त्यात भाषणंच दोन तास..). आणि २००४ साली हँडीकॅमवर घेतलेलं आजीचं चाळीस मिनिटांचं बोलणं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण लातूरच्या औशाबरोबर आमचा उमरगा तालुकाही त्यात होता, हे पुण्यात दरवेळी नव्याने सांगावं लागतं. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आजी बोलता बोलता थांबते, कुणाच्या घरातलं कोण गेलं ते बोटांवर मोजते, पुन्हा सुरू करते. आजी आता नाही. ही फाइल कुठल्या ॲपवर शोधून सापडणार नाही, आणि सापडू नये असंच मला वाटतं. त्यात दुसऱ्यांच्या घरातली नावं आहेत.

"मग क्लाउडवर टाक" हा पुढचा सल्ला. मिनी-डीव्हीची तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर जशीच्या तशी घेतली की साधारण १३ जीबी होते. अकरा कॅसेट म्हणजे १४० च्या पुढे. पुण्यातून टाकता येईल हो, पण उमरग्याला बघताना ते परत खाली उतरवायचं कुणी? घरातल्या घरात मात्र इंटरनेट लागतच नाही, हीच तर या प्रकाराची खरी गंमत आहे. कन्सोल नेटवर्कवर हाक मारतो, "कुणाकडे व्हिडिओ आहेत का?" पीसीवरचा सर्व्हर 'ओ' देतो, यादी पाठवतो, आणि निवडलेली फाइल साध्या एचटीटीपीने वाहायला लागते. बाहेरची लाइन तुटलेली असली तरी फरक शून्य. सर्व्हर दिसत नसेल तर बहुतेक वेळा पीसीचा फायरवॉल किंवा राउटर ती हाकच अडवत असतो. आधी तिथे बघा. आणि वायर टाका. पीएस३ चं वायफाय जुन्या जमान्यातलं, बी/जी. मधे दोन भिंती आल्या की संपलं.

फॉरमॅटची भीती उगाच बाळगली जाते. पीएस३ ला एमकेव्ही चालत नाही हे खरं, पण एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत एच.२६४ असेल तर एफएफएमपेगने काही मिनिटांत एमपी४ मधे हलवता येतं. शेंगाची चटणी तीच, डबा दुसरा. आतला माल वेगळा असेल तरच चटणी नव्याने कुटावी लागते, आणि ते काम रात्रभर पुण्यातच उरकून घ्यावं. उमरग्याच्या जुन्या पीसीला फक्त वाढायचं काम ठेवा, स्वयंपाक नको.

पण सगळ्यात महत्त्वाची सेटिंग सर्व्हरमधे नाहीच. ती बायॉसमधे आहे: लाइट गेली आणि परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं. आम्ही लोडशेडिंगमधे अभ्यास केलेली पोरं, आम्हाला हे शिकवायला नको. शिवाय व्हिडिओची डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली, म्हणजे मधेच लाइट गेली तरी फाइली खराब व्हायची भीती कमी. चोवीस तास चालू ठेवू नका मात्र. जुना डेस्कटॉप ७० वॅट खात असेल तर महिन्याला पन्नास युनिट होतात. अण्णांना शिकवलंय, "बटण एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही." ते म्हणाले, "मोटार चालू-बंद करतो की रे रोज, हे काय नवीन?"

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. २००७ मधे पीएस३ ला ही सोय एका अपडेटने फुकट मिळाली. एक्सबॉक्स ३६० लाही होती. पीएस४ ला त्यासाठी २०१५ पर्यंत थांबावं लागलं, आणि पीएस५ मधे ती मुळात दिलेलीच नाही. ज्या डीएलएनए संघटनेने हे नियम ठरवले, ती २०१७ मधे बंद झाली. तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही नाही, हा प्रोटोकॉल दहा-पंधरा वर्षं जुन्या टीव्हीतही सुखाने चालतो. तुमच्याच घरातली फाइल तुमच्याच टीव्हीवर बघण्यात कुणाला महिन्याचे पैसे मिळत नाहीत, एवढंच मला त्यात दिसतं. उलट ज्याला आज कोडी म्हणतात तो प्लेअर पहिल्या एक्सबॉक्सवर हौशी लोकांनीच उभा केला होता. एम्बीचा कोड बंद झाल्यावर २०१८ मधे जेलीफिन निघालं तेही असंच. म्हणून म्हणतो, जुना पीएस३ भंगारात घालायच्या आधी गावी नेऊन बघा. तिथे त्याला काम आहे.

असो. डिस्कची दुसरी कॉपी पुण्यात माझ्याकडे आहे, तुम्हीही ठेवा, याला पर्याय नाही. आमच्या यादीत फोल्डर मराठीत आहेत: 'लग्नं', 'अण्णा', 'आजी'. 'आजी' अण्णा एकटे असताना लावतात, असं आई फोनवर म्हणाली. दोन व्हीएचएसना बुरशी लागली आहे, त्या साफ करून देणारा माणूस शोधतोय. कुणाच्या माहितीत असेल तर कळवा, दिवाळीच्या आधी काम व्हायला हवंय.