मोह : शब्द एक, कुळें दोन

एकाच उच्चाराचे दोन शब्द भाषेंत शेजारीं नांदूं लागले, म्हणजे एकाचें पाप दुसऱ्याच्या माथीं बसण्याचा संभव असतो. आमच्या चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत याचें एक उदाहरण नित्य कानीं पडतें. 'मोह' हा तो शब्द होय.

विद्यार्थी निबंधांत 'मोह' लिहितो तेव्हां त्याच्या मनांत भुरळ किंवा आसक्ति हा अर्थ असतो. हा शब्द संस्कृत 'मुह्' धातूपासून आलेला आहे. मोहक, मोहिनी, मोहित, संमोहन हीं सर्व त्याचींच भावंडें. काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर या षड्रिपूंत त्याची गणना होते. आणि मौज अशी कीं, त्याच धातूपासून झालेलें 'मोहन' हें नांव कृष्णभक्त आपल्या देवास प्रेमानें देतात. धनाचा मोह, मानाचा मोह, परीक्षेंत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावण्याचा मोह, हे या शब्दाचे उपयोग आमच्या विद्यार्थ्यांस निराळे शिकवावयास नकोत!

दुसरा 'मोह' रानांतला. संस्कृतांत या वृक्षास 'मधूक' म्हणतात. त्याचें प्राकृतांत 'महुअ', हिंदींत 'महुआ' व मराठींत 'मोह' झालें. म्हणजे याचें कूळ गोडव्याचें आहे, भुरळीचें नव्हे. सिरोंचाकडील तेलुगूभाषी लोक यास 'इप्प' म्हणतात, गोंडी बोलणारे 'इरुक' म्हणतात. त्या नांवांचा आसक्तीशीं कांहींएक संबंध नाहीं. हा घोटाळा केवळ आपल्या मराठी उच्चारानें केला आहे.

फाल्गुन-चैत्रांत पहाटेच्या सुमारास मोहाचीं फिकट पिवळीं, रसाळ फुलें झाडाखालीं पडतात. बायामाणसें टोपल्या घेऊन तीं वेचतात व अंगणांत वाळवितात. वाळलेलीं फुलें भाजून त्यांचे लाडू करितात, भाकरींत घालतात, टंचाईच्या दिवसांत उकडूनही खातात. फळांतील बियांचें तेल निघतें. तें दिव्यास, अंगास व स्वयंपाकास उपयोगी पडतें. उरलेल्या फुलांच्या विक्रींतून घरांत मीठ-मिरची येते, आणि कित्येकदां मुलांच्या वह्याही येतात. अशा फुलास 'मोहांत पाडणारें फूल' म्हणून नाक मुरडणें कितपत न्याय्य आहे?

कोणी म्हणेल, "याच फुलांची दारू गाळतात, हें तुम्ही विसरतां काय?" आम्ही मुळींच विसरत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालापासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. दारूनें घर कसें बुडतें, हें शिक्षकास वर्गांतील मुलांच्या चेहऱ्यांवर वाचतां येतें. तें वाचून आम्हीं दारूचा पक्ष घ्यावा हें शक्य नाहीं. परंतु द्राक्षांचीही मदिरा होते आणि गुळाचीही दारू गाळतात. तरी द्राक्षें आजाऱ्याच्या उशाशीं ठेवितात व गूळ पाहुण्याच्या हातावर देतात. मग रानांतल्या गरिबाच्या फुलासच निराळा न्याय कां? दोष फुलाचा, कीं सडवा घालणाऱ्या हाताचा?

हा अन्याय केवळ बोलण्यांत राहिला नाहीं. १८९२ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांकरितां मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. पुढें काळ पालटला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनवासी जनांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलें गोळा करणें, साठविणें व नेणें यांवरील बंधनें शिथिल केलीं. कायद्यानें फुलास सोडलें. आपल्या जिभेनें मात्र अजून सोडलेलें नाहीं.

याकोबाच्या पत्राची शिकवण अशी आहे कीं, मनुष्य भुलतो तो स्वतःच्या अंतरांतील वासनेनें. तेव्हां मोहाचें मूळ झाडांत शोधणें म्हणजे आपल्या अंतःकरणाची झडती चुकविणें होय. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस महाराष्ट्र 'फुलांमुलांचे कवि' म्हणतो. फूल व मूल या दोघांसही हिणवूं नये, एवढें तरी आम्हीं त्यांच्यापासून शिकावें.

ऊर्जानगरच्या वसाहतींतील पुष्कळ कुटुंबें वीज केंद्रांतील नोकरीनिमित्त दुरून आलीं आहेत. त्यांच्या मुलांस पहिला मोह ठाऊक असतो, दुसरा नसतो. खेड्यांतून येणाऱ्या मुलांस दुसरा आधीं कळतो. या दोघांनीं एका बाकावर बसून एकमेकांचा अर्थ शिकावा, हाच शाळेचा खरा उपयोग. दप्तरास मोहफुलांचा वास आला म्हणून सोबत्यास हंसणारा विद्यार्थी मराठींत कच्चा आणि माणुसकींत त्याहून कच्चा, असें आम्ही समजतों.

पालकांसही दोन शब्द. फुलांच्या हंगामांत मुलांस उजाडण्यापूर्वीं एकटें रानांत धाडूं नये. वाघ व अस्वल यांचें भय खरें आहे. झाडाखालील पालापाचोळा पेटवूं नये. त्या आगीनें रान जळतें. तो झाडून काढण्यास थोडे श्रम अधिक पडतील, पण पुढच्या वर्षीं वेचावयास झाड तरी उभें राहील. तसेंच हंगामामुळें मुलाचे कांहीं दिवस बुडाले, तर लाजेनें तें लपवूं नये. शिक्षकांस सांगावें, बुडालेला अभ्यास भरून काढतां येतो.

मोह आवरावा, हें आम्ही वर्गांत शिकवितों व पुढेंही शिकवूं. मोह वेचावा, वाळवावा, त्याचा लाडू सोबत्यास द्यावा, हेंही आतां शिकवूं म्हणतों.