स्फुरदाचा आकडा आणि आपला अविश्वास

‘माती परीक्षण म्हणजे थोतांड’ असं बांधावर सर्रास ऐकू येतं. पुरावाही तयार असतो: एकाच शेताची माती दोन प्रयोगशाळांत दिली, एकीने स्फुरद भरपूर सांगितला, दुसरीने कमी. मग तपासायचं कशाला? टाका डीएपीची गोणी!

आकडे जुळत नाहीत, हे खरं. पण म्हणून तपासणी खोटी ठरत नाही. ही तपासणी मातीतला सगळा स्फुरद मोजतच नाही. पिकाला मिळू शकेल असा अंश एका द्रावणाने काढून मोजते. द्रावण बदललं की आकडा बदलणारच. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींसाठी ओल्सेन यांची १९५४ची पद्धत आहे, तिच्यात ८.५ सामूचं सोडियम बायकार्बोनेट वापरतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ब्रे आणि कुर्ट्झ यांची १९४५ची आम्ल द्रावणाची पद्धत लागू पडते. तीच चुनखडीच्या रानात वापरली, तर चुना ते आम्ल मारून टाकतो आणि स्फुरद आहे त्याहून कमी दिसतो. शिवाय कुणी आकडा निव्वळ ‘पी’चा, म्हणजे मूळ स्फुरदाचा लिहितं, कुणी ‘पी-टू-ओ-फाइव्ह’ या त्याच्या ऑक्साइडचा. दुसरा पहिल्याच्या २.२९ पट असतो.

आणि नमुन्याचं काय? खताच्या रिकाम्या गोणीत भरून आणलेली माती मी पाहिली आहे. शिवणीत अडकलेले डीएपीचे दोन दाणे त्यात विरघळले, की परीक्षानळीत स्फुरदामुळे येणारी निळाई गडद होते आणि हलकं रान कागदावर श्रीमंत ठरतं. त्याचा दोष यंत्राला देऊ नये. बांध, झाडाची सावली, उकिरडा टाळून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यावा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासावी, एकत्र कालवावी, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवावी.

‘जास्त टाकला तर बिघडतं काय?’ बिघडतं. डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीत २३ किलो पी-टू-ओ-फाइव्ह असतं. त्यातलं थोडंच त्या हंगामात पिकाच्या मुखी लागतं, बाकीचं चुन्याशी बांधलं जातं. आधीच भरलेल्या रानात वर्षानुवर्षं तेच ओतलं, की पिकाला जस्त मिळेनासं होतं.

यंदा रान मोकळं झालं की खत टाकण्याआधी नमुना काढा. अहवाल हाती घेताना पद्धत कोणती आणि आकडा कशाचा, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या.