वाळवंटांतला वरणभात

आमचे एक स्नेही गेल्या हिवाळ्यांत सहकुटुंब जैसलमेर पाहून आले. परतल्यावर त्यांनीं किल्ल्याचीं, उंटांचीं व वाळूवरल्या सूर्यास्ताचीं शेंदोनशें छायाचित्रें आम्हांला दाखविलीं. आम्हीं सहज विचारलें, "जेवणाचें कसें काय जमलें?" तेव्हां ते मोठ्या समाधानानें उद्गारले, "अहो, त्याची चिंताच नव्हती! कंपनीनें आचारी बरोबर आणला होता. आठही दिवस गरम वरणभात, आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी!" हें सांगतांना त्यांच्या मुद्रेवर जें तेज चढलें, तें सूर्यास्ताचें वर्णन करतांनाही चढलें नव्हतें. हे गृहस्थ सुशिक्षित आहेत. इतरांच्या कूपमंडूकवृत्तीवर ते तासभर बोलूं शकतात. तथापि हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून ते जेवले मात्र आपल्याच माजघरांत!

त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ही वृत्ति आतां इतकी प्रतिष्ठित झाली आहे कीं, सहलींच्या जाहिरातींत 'महाराष्ट्रीय जेवण' हे शब्द किल्ल्यांच्या नांवांपेक्षां ठळक छापले जातात. त्याविरुद्ध कोणी तरी बोलावयास हवें. ज्यानें वाळवंटांतलें अन्न खाल्लें नाहीं, त्यानें वाळवंट फार तर अर्धें पाहिलें.

जेथें वर्षाकाठीं वीस सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथें मळ्यांतली ताजी भाजी कोठून येणार? आज इंदिरा गांधी कालव्याचें पाणी त्या मुलखांत खेळलें आहे, बाजारांत कोबी-टोमॅटो पाहिजे तितके मिळतात. पण तेथील स्वयंपाकघर अजून जुन्या दुष्काळांची आठवण धरून आहे. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतों ती शमी. आपण पूजा करून घरीं येतों. मारवाडी गृहिणी उन्हाळ्यांत तिच्या कोंवळ्या शेंगा वाळवून वर्षाची बेगमी करते. केराचीं कडू फळें मिठाच्या पाण्यांत किंवा ताकांत कांहीं दिवस मुरवून त्यांचा कडवटपणा काढावा लागतो. यांतच कुमटाच्या बिया आणि गुंदा, म्हणजे आपलें भोकर, हीं पडलीं कीं पंचकुट्याची बहुतेक सामग्री झाली. गट्टे बेसनाचे, कढी ताकाची, भाकरी बाजरीची, तिला तेथें सोगरा म्हणतात. २०१० सालीं भौगोलिक निर्देशनाचा मान मिळालेली बिकानेरी भुजिया आपण चहाबरोबर मुठी भरभरून खातों. तिच्यांतलें मुख्य पीठ आपल्या मटकीचें असतें, हें कितीजणांना ठाऊक आहे? १७३० सालीं जोधपुराजवळच्या खेजडली गांवीं ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं या खेजडीच्या रक्षणासाठीं प्राण दिले. ती कथा मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकून डोळे पुसावे आणि लगेच मुक्कामीं येऊन बटाट्याच्या रश्शावर ताव मारावा, हा रसिकपणा मला तरी समजत नाहीं.

आतां दुसरा वर्ग. हे लोक आचारी नेत नाहींत. ते मोबाइलवरील तारका मोजतात. प्रस्तुत लेखकही याच वर्गांतला, हें कबूल केलेलें बरें. जैसलमेरास पहिल्या रात्रीं अशाच एका तारकांकित गच्चीवर आम्ही गेलों. पदार्थांची यादी एखाद्या प्रबंधाएवढी, आणि तींत पिझ्झापासून चिनी शेवयांपर्यंत सर्व कांहीं. केर-सांगरी मागविली, ती टोमॅटोच्या रश्शांत बुडून, वर साय ओतून आली. वाढप्यास कारण विचारतां तो अदबीनें म्हणाला, "साहेब, पाहुण्यांना अशीच आवडते." त्या मुलाचा दोष काय? तारका देणारे आमच्यासारखेच, दोन दिवसांचे पाहुणे! एका परक्यानें दुसऱ्या परक्याला वाट विचारावी आणि दोघांनींही गांव सांपडल्याचा आनंद मानावा, तशांतली ही गत.

शिवाय या गच्च्यांचा हिशेब केवळ जिभेपुरता नाहीं. ११५६ सालीं वसलेल्या या गांवाच्या किल्ल्यांत अजून माणसें राहतात. घागरींनीं पाणी आणणाऱ्या वस्तीसाठीं जी सांडपाण्याची व्यवस्था होती, तिच्यावर पर्यटकांच्या उपाहारगृहांचा व न्हाणीघरांचा भार पडला. पाणी पायांतल्या ठिसूळ थरांत मुरलें, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कांहीं बुरूज ढांसळले. २०१३ सालीं तो जागतिक वारसा ठरला. पण पाण्याचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. बुरूज न्याहाळीत त्याच्याच माथ्यावर जेवणें, हें मला त्या रात्रींनंतर रुचलें नाहीं.

मग चांगलें भोजनालय शोधावें कसें? येथें एक अडचण आहे, ती आमच्या प्रवासी मंडळींच्या ध्यानांत येत नाहीं. मारवाडांतला कुटुंबवत्सल माणूस जेवावयास बहुधा घरीं जातो. बाजारांत तो खातो तें मधल्या वेळचें: जोधपुरच्या घंटाघराजवळचा मिर्चीबडा, मावा कचोरी, मखनिया लस्सी, किंवा जैसलमेरचा घोटुवां लाडू. हे जिन्नस खुशाल बाजारांत खावे. तेथें गर्दी सहसा फसवीत नाहीं. पण पोटभर जेवणाचें भोजनालय हें घरापासून दूर पडलेल्यांचें असतें: ट्रकचालक, विद्यार्थी, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार. म्हणून "चांगलें हॉटेल कोठें आहे?" असें विचारलें कीं रिक्षावाला तुमच्या कपड्यांकडे पाहतो आणि गच्चीकडे नेतो. दुसऱ्या दिवशीं माझ्या पत्नीनें रिक्षावाल्याला निराळाच प्रश्न केला: "भैया, घरवाली पीहर जाए तब आप कहाँ खाते हो?" तो खळखळून हंसला, आणि बसच्या अड्ड्यामागें एका पाटी नसलेल्या जागेंत त्यानें आम्हांला नेऊन बसविलें. तेथें सांगरी नव्हती. मालक म्हणाले, "बाईजी, ती आतां फार महाग, ती घरीं, लग्नकार्यांत होते." गट्टे होते, कढी होती, लसणीची चटणी होती, आणि सोगऱ्यावर तूप घालतांना ते आमची परवानगी विचारीत नव्हते. दोन वाजतां पातेलीं रिकामीं झालीं आणि दुकान बंद झालें.

पोट बिघडेल, ही शंका खोटी नाहीं. पिण्याचें पाणी आपलें न्यावें, वयोवृद्धांना व मुलांना मिरची बेतानें द्यावी. मथानियाची मिरची कोणाची भीड धरीत नाहीं. परंतु चार पदार्थ करून दुपारीं संपविणाऱ्यापेक्षां ऐंशी पदार्थ शीतपेटींत साठविणारा अधिक निर्धोक, हें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? शाकाहाराची सबब तर मारवाडांत उच्चारूंच नये. तेथें लाल मांस आहे हें खरें. पण जैन, माहेश्वरी, पुष्करणा ब्राह्मण आणि बिष्णोई यांच्या त्या देशांत शाकाहाऱ्यानें उपाशी राहण्यास विशेष प्रयत्न करावे लागतील.

आमचे स्नेही येत्या हिवाळ्यांत पुन्हां निघाले आहेत, या खेपेस बिकानेरला. कार्यक्रमपत्रिकेंत जेवणाच्या रकान्यांत सहाही दिवस 'महाराष्ट्रीय पद्धतीचें' असें छापलें आहे. पत्नीनें तो रिक्षावाल्याचा प्रश्न एका चिठोऱ्यावर लिहून वहिनींच्या हातीं दिला आहे. वहिनींनीं तो वाचला, यजमानांकडे एकवार पाहिलें, आणि चिठोरें घडी करून आपल्या पाकिटांत ठेवलें.