अक्षरं नाचतात त्या मुलाची गोष्ट

मूल वाचत नाही म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घालावासा कुणाला वाटलं नाही? मी तर अर्धवेळ का होईना, शिक्षिका! माझ्या वर्गातला एक मुलगा 'समुद्र'चा 'सुमद्र' करतो. मी त्याला सगळ्यांदेखत बोलले. तो चार दिवस शाळेतच आला नाही.

त्याच सुमारास भाचीनं 'पर्सी जॅक्सन'चं पहिलं इंग्रजी पुस्तक आणून दिलं. निघालं २००५ साली. लेखक रिक रिओर्डन, मूळचे शिक्षक. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया होता. अशा मुलांची बुद्धी चांगली असते, पण वाचताना फार कष्ट पडतात. रात्री ते त्याला ग्रीक देवांच्या गोष्टी सांगत. साठा संपला तेव्हा नवी रचली. न्यूयॉर्कमधला १२ वर्षांचा पर्सी, समुद्रदेव पोसायडनचा लेक, पण वाढवलेला आईनं. त्याला अक्षरं तरंगताना दिसतात. का? तर त्याचा मेंदू म्हणे प्राचीन ग्रीक वाचण्यासाठीच घडलेला! वैद्यकात याला आधार नाही, पण त्या पोराला केवढा धीर आला असेल!

आपल्या जिल्ह्यातही जुनी कथा अशीच आपलीशी केलेली आहे. राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिथे सीता एकटीच, शेजारी राम नाही. गावात सांगतात, की टाकलेल्या सीतेनं लेकरांसाठी गहू मागितला, तो कुणी दिला नाही, म्हणून तिनं इथे गहू पिकणार नाही असा शाप दिला. शेतकरी नेते शरद जोशींनी पुढे या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. वाल्मीकींच्या रामायणात हा गहू नाही. दारोदार हिंडलेल्या एखाद्या बाईनंच तो गोष्टीत घातला असावा, असं आपलं मला वाटतं.

मुलगा परत आला. आधी मी त्याची माफी मागितली (जड गेलं बरं का!), मग रावेरीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाई, लवकुशायले मंग एकट्या मायनंच वाढोलं का जी?" त्याची आईही एकटीच शेत सांभाळते.

आता तो गोष्ट सांगतो, मी त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहून घेते, आणि तीच त्याला वाचायला देते. रोज दहा मिनिटं, पुरे. स्वतःचे शब्द असले की मूल कमी अडखळतं. घरी करून बघा. फारच अडत असेल तर तज्ज्ञांकडून तपासून घ्या; धपाट्यानं डिस्लेक्सिया जात नाही.

त्याच्या गोष्टीतल्या कुशाला वाचता येत नाही, पण पाखरांची बोली कळते. सीतेला गहू कोण देणार, ते अजून ठरायचं आहे.