आभाळ आरोपी, धोरण निर्दोष?

पाऊस हुकला की सत्ताधाऱ्यांना निसर्गाचा कोप आठवतो. पाऊस कोसळला तरी तोच कोप आठवतो. आभाळाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की पाणी, विमा आणि मजुरी यांची धोरणे ठरवणारे निर्दोष सुटतात. हा युक्तिवाद किती पोकळ आहे याची साक्ष वरळीच्या बीडीडी चाळी देतात.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींतील १६० चौरस फुटांची खोली म्हणजे कोरडवाहू शेतीचे शहरातले टोक होते. माण-खटावसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आणि कोकणातील तुटपुंज्या खाचरांवरून माणसे गिरण्यांत आली ती हौसेने आली नाहीत. गावी पीक बुडाले की बियाणे आणि सावकाराचे व्याज मनीऑर्डरने भागत असे. हवामानाची जोखीम अशी गिरणीच्या पाळीवरही पडत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा अनेकांना त्याच गावाने आसरा दिला. पुढे एकेक गिरणी बंद पडली आणि शेतीचा हा आधार तुटला. त्याच्या जागी राज्यसंस्थेने काय उभे केले?

करता येण्यासारखे पुष्कळ होते, हे १९७२ च्या दुष्काळाने सिद्ध केले आहे. पाऊस सपशेल फसला होता. तरीही मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून का होईना, मजुरी हाती आली आणि भूकबळींचे महासंकट टळले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला होता. चाळीतून खुशीने जाणाऱ्या मनीऑर्डरीचे तत्त्वच जणू कायद्याने मान्य केले: हवामानाचा घाव समाजाने वाटून घ्यावा.

हे तत्त्व आज कोठे आहे? एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. याच राज्यात लागवडीच्या जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी पितो, असे अंदाज वारंवार मांडले गेले आहेत. ही वाटणी ढगांनी केलेली नाही.

२०२५ च्या खरिपापासून एक रुपयातील पीकविमा बंद झाला आणि स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षण वगळून भरपाई पीककापणी प्रयोगावर टांगली गेली. सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्यांनी पात्रे सोडली. पिकाबरोबर मातीही वाहून गेली. मग ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांच्या पॅकेजची घोषणा झाली. विमा हा हक्क असतो; पॅकेज ही मेहेरबानी ठरते, कारण तिची वेळ आणि अटी देणाराच ठरवतो. जुन्या योजनेत बोगस अर्ज होते, हे सरकारचे समर्थन खरे आहे. पण घरात चोर शिरला म्हणून घराचे छप्पर कोणी उतरवते काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन-चार पिढ्यांनी घामाने कमावलेला हा हक्क आहे. मात्र उंच मजल्यावरून गावचा बांध दिसेनासा झाला, तर सत्ताधाऱ्यांना हवी असलेली कामगार-शेतकरी फूट आयतीच पडेल. पिकवार आणि प्रदेशवार पाणीवाटप, वगळलेल्या आपत्तींना विम्याचे संरक्षण आणि मागेल त्याला काम, या मागण्या केवळ गावाच्या नाहीत. त्या चाळीच्याही आहेत.

पाऊस कोणाच्या हुकमाने पडत नाही. पाणी मात्र कोणाच्या तरी हुकमानेच वळते. लढा त्या हुकमाशी आहे.